येळवशीला उघडलेली ताडपत्री

ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास मला नेहमीच किंचित गोडसर लागतो. त्यात दूरच्या अरण्यातली ओल असते, समुद्रप्रवासाचा खारटपणा असतो, आणि कान लावलात तर आत कुणीतरी हलके हलके कुरतडत असल्याची चाहूलही असते. त्या चाहुलीशी माझं व्यावसायिक वैर. परदेशातून आलेल्या ओंडक्यांना ताडपत्रीखाली विषारी वायूची धुरी द्यायची आणि त्यांच्यातून आलेल्या भुंगेऱ्यांना आपल्या मातीत बस्तान बसवू द्यायचं नाही, हे काम मी नांदेड-लातूरच्या वखारींत कित्येक वर्षं करतो आहे. बंदरात एकदा धुरी झालेली असते. तरी एखाद्या ओंडक्यात जीव तग धरून राहतोच.

त्या हिवाळ्यात लातूरच्या एका वखारीत मी अशीच ताडपत्री घातली होती. भिंतीपलीकडे नामदेवमामा सुतारांचं पत्र्याचं छप्पर. मामांकडे आंब्याच्या आठ फळ्या होत्या. ज्या आंब्याच्या सावलीत त्यांच्या वस्तीच्या दोन पिढ्यांच्या सभा झाल्या, पोरांचे अभ्यास झाले, लग्नं लागली, तो आंबा रस्तारुंदीत गेला; त्याच्या फळ्या मामांनी नव्या विहाराच्या दारासाठी राखून ठेवल्या होत्या. येता-जाता ते त्यांवरून हात फिरवत, झोपलेल्या नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

थंडीत वायू लाकडात सावकाश मुरतो. सात दिवस ताडपत्री हलवायची नाही, हे मला पाठ होतं. पण पाचव्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. आमच्याकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात. माणसं शेतात जाऊन कडब्याच्या कोपीपुढे बसतात, भज्जी-भाकरी खातात, आंबील पितात. राखणीला कुणी थांबेना. विष असं बेवारस कसं सोडायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आदल्या संध्याकाळीच ताडपत्री काढून घेतली. खरं सांगू? सावधगिरीचं ते निव्वळ सोंग होतं. राखण मी स्वतः करू शकलो असतो, पण मलाच शेताची ओढ लागली होती. आपल्या हयगयीला माणूस किती सुंदर नावं देतो, नाही?

पुढचा पावसाळा सरता सरता मामांच्या फळ्यांखाली पिठासारखा भुसा दिसू लागला. त्यांनी मला बोलावलं. मी वाकून पाहिलं: तीच बारीक भोकं, तोच भुंगेरा, जो मी वखारीतल्या ओंडक्यांत पाहिला होता. मामा मात्र स्वतःलाच बोल लावत होते.

"म्याच चुकलो बघा. लई दिवस कवटाळून बसलो. येळेवर दार केलं असतं तर हे झालं नसतं."

तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. "धुरी देतो मामा, पुरे सात दिवस," एवढंच म्हणालो. या खेपेला मात्र सातही दिवस तिथून हललो नाही. मामा रोज दुपारी माझ्यासाठी भाकरी आणत आणि समोर बसून मला खायला लावत. त्या सात दिवसांतला एकही घास मला सुखाने उतरला नाही.

आठांपैकी तीन फळ्या वाचल्या. दोन झडपांचं दार ठरलं होतं. आंब्याची एकच झडप झाली. दुसरीसाठी मी वखारीतून परदेशी लाकूड मिळवून दिलं. विहार उघडला त्या दिवशी मामांनी मला पुढे बोलावलं, शाल दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यांच्यामुळं आपला आंबा एवढा तरी ऱ्हायला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मामा आता थकले आहेत. सांगायला एक वाक्य पुरेल, आणि ते ऐकून घेतील, रागावणारही नाहीत कदाचित. त्या न रागावण्याचंच मला भय वाटतं. विहारात कुणी नवं माणूस आलं की ते त्याला दारापाशी नेतात, आधी आपली चूक सांगतात, मग माझे उपकार. मी शेजारीच उभा असतो.