ब्रेकचा तिसरा दिवा

तुम्ही दोघांनी आजोबांच्या पंचाहत्तरीला पाठवलेला ब्रेकचा दिवा ज्या दिवशी गाडीला बसवला, त्या दिवसाविषयी लिहायचं आहे. तुम्ही त्याचा व्हिडिओ मागत होतात आणि मी दर रविवारी फोनवर काहीतरी कारण सांगत होते. कधी रेंज नाही, कधी गाडी धुवायची राहिली आहे. ती कारणं खरी नव्हती. दिवा त्याच दिवशी बसला आणि चांगला लागतो. पण त्या दिवसापासून आजोबांनी गाडी चालवलेली नाही, आणि हे तुम्हाला सांगू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. मागच्या आठवड्यात चहा पिताना ते आपण होऊन म्हणाले, मुलांना लिहून टाक. म्हणून लिहिते आहे.

गाडी तुम्ही एकदाच पाहिली आहे, तीही लहान असताना. दोनच माणसांची, लाल, कापडी टपाची, जमिनीपासून वीतभर उंच. शिरवळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आजोबांनी ती पुण्याच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. मला विचारलं नव्हतं. मी पुढचे तीन आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. भोंगवलीत जिथे प्रत्येक दारात ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल, तिथे ही गाडी आली तेव्हा पाराजवळ बसणाऱ्या मंडळींना महिनाभर विषय पुरला. "साहेब खाटंवर झोपून गाडी चालवत्यात," असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ही गेली तर वरून दिसायची पण नाही. आजोबांनी हे ऐकलं आणि हसले. मला तेव्हा हसू आलं नाही.

मी गाडीविषयीचा राग का सोडला, तेही सांगते. तुमचे आजोबा घरात दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील. लग्न झाल्यापासून तसंच. पण त्या गाडीत बसले, हायवेला लागले की बोलायला लागायचे. त्यांच्या आईविषयी, कारखान्यातल्या पहिल्या पाळीविषयी, तुमच्या बाबाच्या जन्माच्या वेळी आपण दवाखान्याबाहेर किती घाबरलो होतो त्याविषयी. चाळीस वर्षांत जे मला ठाऊक नव्हतं ते मी त्या अरुंद सीटवर बसून ऐकलं. रविवारी सकाळी आम्ही निघायचो, कधी भोरच्या पुढे घाटापर्यंत, कधी वेल्ह्याकडचा रस्ता झाला आहे असं कळलं की तिकडे. परत येऊन गाडीवर कापड टाकलं की बोलणं बंद. त्यामुळे गाडीला काही झालं तर काय जाईल, हे मला नीट माहीत होतं.

दिव्याची गरज खरीच होती. गाडी इतकी बुटकी की मागे टेम्पो आला तर टेम्पोवाल्याला खालचे दोन ब्रेकचे दिवे त्याच्या स्वतःच्या बोनेटमुळे दिसत नाहीत. त्यासाठी डिकीच्या झाकणावर मधोमध तिसरा दिवा असतो. आमच्या गाडीचा तो तडकला होता, आत पाणी साठून बंद पडला होता. मूळ कंपनीचा मिळेना. आजोबा फोनवर सहज बोलले आणि तुम्ही दुसऱ्या कुणीतरी बनवलेला, त्याच मापाचा शोधून पाठवलात. खोका उघडताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनी तो दिवा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला होता.

त्याच्याबरोबर बारीक इंग्रजी अक्षरांतली माहितीपत्रिका होती. मी भिंग घेऊन ती वाचली आणि आखीव कागदावर मराठीत उतरवली. अकरा पायऱ्या झाल्या. बॅटरीची तार आधी काढा. जुना दिवा काढताना रंगाला ओरखडा जाऊ देऊ नका. आणि अकरावी: एका व्यक्तीने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवा लागतो का ते पाहावे.

किकवीला हायवेलगत ज्याचं गॅरेज आहे तो भोरच्या शाळेत माझा विद्यार्थी होता. इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, पण मला पाहिलं की अजून हात पुसून उभा राहतो. त्या सकाळी मी माझा कागद काढून पहिली पायरी वाचली, तशी तो म्हणाला, "बाई, आता तरी पास करा." आजोबा हसले. ते टप उघडून, नवा शर्ट घालून आले होते.

काम दोन तास चाललं. जुना दिवा निघाला तेव्हा त्यातून चमचाभर गढूळ पाणी सांडलं. नव्याचा प्लग गाडीच्या प्लगमध्ये बसेना. आमच्या मेकॅनिकने दोन्ही कापले, तारा जोडल्या, वर काळी नळी चढवून ती लायटरच्या आचेने आवळली. माझ्या कागदावर ही पायरी नव्हती. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, ज्यानं कागद लिहिला त्याला ही गाडी किती जुनी हाय ते ठावं न्हाई. पाणी शिरू नये म्हणून दिव्याच्या कडेने त्याने पारदर्शक सिलिकॉन बोटाने फिरवलं. सगळं नीट, सफाईने झालं.

दिवा लागतो का, हे तो स्वतःच ब्रेक दाबून पाहू शकला असता. पण आपल्या भागात तशी पद्धत नाही. विहिरीवर मोटर बसवली, ट्रॅक्टरला नवं इंजिन टाकलं, काहीही असो, पहिल्यांदा मालकाने चालू करायचं. कारागीर आधी हात लावत नाही. तो म्हणाला, "साहेब, बसा. पहिला ब्रेक तुमचा." मीही अकरावी पायरी वाचून दाखवली आणि मागे जाऊन उभी राहिले.

आजोबा गाडीत बसले. "दाबलाय," त्यांनी सांगितलं.

दिवा लागला नव्हता. खालच्या दोन दिव्यांकडे कुणी पाहिलंच नाही, सगळ्यांचं लक्ष नव्यावर होतं. मी तसं सांगितलं. मेकॅनिक म्हणाला, उन्हात दिसत नसेल. त्याने हाताने आडोसा केला. नाही. त्याने पुन्हा झाकण उघडलं, जोड तपासले. आजोबांनी पुन्हा दाबला. या वेळी लागला, क्षणभर, आणि विझला. "मी काढलेला नाही पाय," ते म्हणाले. मग ते दिव्यावर घसरले. इंटरनेटवरचा माल असाच असतो, मुलांना काय कळतंय, दिसायला चकचकीत. तुमच्या दिव्याला त्यांनी नावं ठेवली, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण झालं तसं लिहिते आहे.

मेकॅनिकने गाडी ढकलून शेडमध्ये घेतली, मागचा भाग आतल्या भिंतीकडे केला. भिंत दिवाळीला चुना दिलेली, पांढरी. आत अंधार होता. दिवा लागला तर भिंत लाल झाली असती. आजोबांनी दाबला. मी भिंतीकडे बघत उभी होते, आणि मेकॅनिक दाराच्या बाजूने वाकून आत, खाली बघत होता. तो सावकाश सरळ झाला. माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली.

मी पुढे जाऊन वाकले. आजोबांचा बूट ब्रेकच्या शेजारी, नुसत्या कार्पेटवर होता. ते पूर्ण जोर लावत होते. मांडीचा स्नायू ताठलेला दिसत होता. त्यांची नजर समोर होती, आणि त्यांना वाटत होतं की आपण ब्रेक दाबला आहे.

त्याच्या आधी काही महिने ते दूध घालून डेअरीतून एकाच पायात चप्पल, असे घरी आले होते. उजव्या पायातली रस्त्यात कुठे निघाली ते त्यांना कळलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. आम्ही दोघं त्यावर हसलो होतो. वीस वर्षं मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाची पत्नी म्हणून मी ते त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं होतं. मी गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवते, रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार लावते. चपलेची गोष्ट मात्र मी कुठेच लिहिली नाही. आणि त्या दिवशी सकाळी मी त्याच पायाच्या भरवशावर त्यांच्या शेजारी बसून भोंगवलीहून किकवीपर्यंत आले होते.

मेकॅनिक मोठ्याने म्हणाला, "वायर ढिली आसंल साहेब. ऱ्हाऊ द्या गाडी दोन दिस, म्या बघतो." तो त्यांना चारचौघांत काही सांगणार नव्हता. शेजारच्या टपरीवरची दोन माणसं एव्हाना आत येऊन उभी राहिली होती.

पण तुमचे आजोबा इंजिनिअर आहेत. ते उतरले आणि म्हणाले, "तू बस. तू दाब." मेकॅनिक आढेवेढे घेत बसला. भिंत लाल झाली. पुन्हा दाब म्हणाले. पुन्हा लाल. पाच वेळा त्यांनी त्याला दाबायला लावलं, पाचही वेळा लाल.  मग ते परत आत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मान न वळवता मला म्हणाले, "आता तू सांग. लागला?"

भिंत पांढरी होती.

"लागला," मी म्हणाले.

मी असं का म्हटलं याचं उत्तर मी त्यानंतर बरेच दिवस शोधलं. आयुष्यभर मी मुलांना खोटे मार्क दिले नाहीत. मेकॅनिकला दोनदा नापास केलं ते त्याची आई घरी येऊन रडली तरी बदललं नाही. पण त्या क्षणी मला फक्त रविवारच्या सकाळी दिसत होत्या, आणि त्यांचं बोलणं. ते थांबू नये एवढंच वाटलं. पुढे रस्त्यावर कुणाच्या तरी मुलाबाळांसमोर हाच पाय कार्पेटवर पडला असता, याचा विचार मी केला नाही.

टप उघडा होता. त्यांनी आरशात पाहिलं. आरशात ती सगळी भिंत दिसत होती.

"भिंत पांढरी आहे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. किल्ली काढून त्यांनी मेकॅनिकच्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते. पट्टा ओढायला त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्यावर गेला, तिथे काही नव्हतं, आणि थोडा वेळ तो हात तसाच राहिला. मेकॅनिकने वाकून दुसऱ्या बाजूचा पट्टा त्यांना लावून दिला.

गाडी दोघांचीच. मला जागा नव्हती. मेकॅनिक म्हणाला, बाई, साहेबांना सोडून तुम्हाला न्यायला येतो. मी नको म्हटलं. किकवीच्या स्टॉपवर पाऊण तास उभी राहून एसटीने घरी आले. पिशवीत माझा अकरा पायऱ्यांचा कागद आणि जुना तडकलेला दिवा होता. घरी आले तेव्हा गाडीवर कापड टाकलेलं होतं आणि आजोबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. जेवायला उठले नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे मिटायला लावले आणि पायाला काहीतरी टोचून विचारलं, कुठे टोचतोय. आजोबांनी तीनदा चुकीचं बोट सांगितलं. साखर काबूत ठेवली तर आणखी बिघडणार नाही, पण पायाची गेलेली जाणीव परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवायची नाही हे त्यांनी सांगण्याआधीच आजोबा म्हणाले, ते मी बंद केलं आहे. मेकॅनिक महिन्यातून एकदा येतो, गाडी अंगणातच सुरू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. विकायची का, असं त्याने एकदा मला हळूच विचारलं. मी त्याला आजोबांकडे पाठवलं. ते उठून गाडीवरचं कापड नीट करून आले.

आम्ही आता भोरला एसटीने जातो. पायरीवर पाय ठेवताना ते आधी खाली बघतात, पाऊल नीट टेकलं आहे का ते डोळ्यांनी ठरवतात, आणि मगच वर चढतात. मागची माणसं खोळंबतात. मी त्यांच्या मागे उभी असते, पाय टेकलाय हे मला त्यांच्या आधी दिसतं. पण ते मला विचारत नाहीत.