उन्हाळ्यातली परीक्षा

क्लिंट वोंद्रा बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. हेल्मेट घालून, अंगावर जाऊन खेळतात तो आमचा फुटबॉल. पण नेब्रास्कातल्या आमच्या गावाला तो टीव्हीवर बहुतेक पाठमोराच दिसला.

तो टाइट एंड होता. रांगेच्या टोकाला वाकून उभं राहायचं, समोरून येणारा धिप्पाड माणूस अंगावर घ्यायचा आणि आपल्यामागच्या खेळाडूला वाट करून द्यायची. कधी कोचच्या मनात आलं, तर पुढे पळून चेंडूही झेलायचा. क्लिंटच्या बाबतीत कोचच्या मनात ते फारसं आलं नाही. चार संघ बदलले, कोच त्याहून जास्त बदलले. तो माणसं अंगावर घेत राहिला.

गावातल्या बारची मालकीण डोना त्याला सोडायची नाही.

“क्लिंट, यंदा तरी एखादा चेंडू झेल रे बाबा. तुझ्यावर पैजा लावून माझा नवरा भिकेला लागला.”

“त्याला म्हणावं, माझ्या पाठीवर पैज लाव. ती दर रविवारी दिसते.”

सगळे हसायचे. क्लिंट जरा उशिरा हसायचा.

त्याचं शेत आमच्या शेताला लागून. मला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. मी साहित्याची पदवी घेऊन, नोकरीशिवाय घरी परतलो, तेव्हा ‘आता पुढे काय?’ असं न विचारणारा तो एकटाच होता. त्याने मला फक्त ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून दर जुलैत त्याला सराव शिबिराला सोडायला मीच जायचो. गाडी मी चालवायचो. “उन्हात रस्ता चमकतो,” एवढंच तो म्हणायचा आणि टोपी डोळ्यांवर ओढायचा. दोन्ही बाजूंना मका असायचा. मलाही ते कारण पुरायचं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी खेळाडूंची परीक्षा होते. मेंदूची. संगणकावर शब्द दाखवतात, ते थोड्या वेळाने ओळखायचे. आकृत्या लक्षात ठेवायच्या. रंग बदलला की बटण दाबायचं. हंगामात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात. मार्क पहिल्यापेक्षा घसरले, तर बाहेर बसवतात. बाहेर बसलेल्याची जागा दुसरा घेतो आणि ती सहसा परत मिळत नाही.

म्हणून पहिली परीक्षा सगळे मुद्दाम वाईट देतात. क्लिंटला हे पहिल्याच उन्हाळ्यात कपडे बदलायच्या खोलीत शेजारचं कपाट असलेल्या हॉलिस नावाच्या जुन्या खेळाडूने शिकवलं होतं. “उद्या हुशारी दाखवू नकोस. फार ढ पण वाटू नकोस, पकडतील. सकाळी झोपेतून उठवलेल्या माणसासारखा दे.” क्लिंट तसाच देत आला. पुढे त्यानेही किती जणांना हे शिकवलं असेल, देव जाणे. हंगामात डोकं आपटलं, की तो परीक्षेला बसायचा आणि पास व्हायचा. या गोष्टी तो मला गाडीत गंमत म्हणून सांगायचा. मीही हसायचो.

गेल्या जुलैत मी मैदानाबाहेर गाडीत त्याची वाट पाहत बसलो होतो. त्याची एक बॅग द्यायची राहिली होती. तो लवकर बाहेर आला आणि गाडीत येऊन बसला.

“कसा गेला पेपर?” आमचा दरवर्षीचा विनोद.

“यंदा मन लावून दिला.”

“म्हणजे?”

“म्हणजे खरा दिला. मुद्दाम काही चुकवलं नाही. म्हटलं, बघू तरी.”

“मग?”

“दरवर्षी मुद्दाम चुकवून पडायचे, तेवढेच मार्क पडले.”

मला आधी कळलं नाही. मी हसलोसुद्धा. तो हसत नव्हता.

“ऑर्सन खूश झाला,” तो म्हणाला. ऑर्सन म्हणजे संघाच्या दवाखान्याचा माणूस. “म्हणाला, वोंद्रा, तू घड्याळ आहेस घड्याळ. वर्षानुवर्षं मिनिटाचा फरक नाही. जा, खेळायला मोकळा.”

गाडीत फार उकडत होतं. काच खाली करायचं मला सुचलं नाही.

“त्याला सांग,” मी म्हणालो.

“काय सांगू? इतकी वर्षं लबाडी केली, यंदा केली नाही, म्हणून घाबरलोय?”

“हो. हेच.”

“मग तो विचारेल, कोणी शिकवलं? आणखी कोण करतं? सगळेच करतात रे मास्तर. कोणाकोणाचं नाव घेऊ?”

“मग खेळणार आहेस?”

तो मैदानाकडे बघत राहिला. आत कोणीतरी शिट्टी वाजवली.

“दुसरं काही मला येत नाही,” तो म्हणाला. “आणि आता शिकायला बसलो, तर ते डोक्यात राहील का, हेही माहीत नाही.”

मग तो उतरला. मी बॅग घेऊन त्याच्या मागे गेलो.

ऑर्सन टेबलाशी सँडविच खात होता. क्लिंटने उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. नाव कोणाचंच घेतलं नाही. ऑर्सनने सँडविच खाली ठेवलं, उठून दार लावलं.

“तू आता काय म्हणालास, ते मला ऐकू आलं नाही.”

“परत सांगतो.”

“नको सांगूस. ऐकलं, तर मला सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. उद्या सराव सुरू होतोय.”

“मी खेळलो तर?”

ऑर्सनने सँडविच कागदात गुंडाळलं. त्याचे कान लाल झाले होते.

“डावा गुडघा कसा आहे तुझा?”

“बरा आहे.”

“बरा नाहीये. बारा वर्षांनी कोणाचाच बरा नसतो.” त्याने आवाज खाली आणला. “डोक्याचा चांगला डॉक्टर गाठ, क्लिंट. बाहेरचा. माझं नाव नको सांगूस.”

क्लिंटने खांदे पाडले. मोठं काम उरकल्यावर माणूस बसतो, तसा तो बाकावर बसला.

“डावा,” तो म्हणाला.

दुपारपर्यंत निवृत्तीचं सगळं आवरलं. कोचने मिठी मारली, ‘सच्चा खेळाडू’ वगैरे म्हणाला आणि मिठी सुटायच्या आत घड्याळ पाहिलं. दोन वार्ताहर होते. क्लिंटने त्यांना डाव्या गुडघ्याबद्दल सांगितलं. एकाने विचारलं, सगळ्यात मोठी आठवण कुठली? क्लिंट म्हणाला, “खूप आहेत.”

परतीच्या वाटेत तो सारा वेळ झोपला होता. मी रेडिओ लावला नाही.

आम्ही पोचलो, तेव्हा त्याच्या आईला, मार्लीनकाकूंना, बातमी कळली होती. टेबलावर कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव होते, अजून गरम. काकूंच्या हातात गुडघ्यावर बर्फासारखी ठेवायला गोठवलेल्या मटारची पिशवी होती.

“किती दिवस लपवलंस रे आईपासून? मेला तो खेळ. बस इथे. पाय वर घे.”

तो बसला. त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

“कुठला गुडघा?”

क्लिंटने आपल्या पायांकडे पाहिलं. आधी एका, मग दुसऱ्या. मग माझ्याकडे.

“डावा,” मी म्हणालो.

त्याने पाय उचलून खुर्चीवर ठेवला. काकूंनी त्यावर मटारची पिशवी ठेवली आणि ती घसरू नये म्हणून हाताने धरून उभ्या राहिल्या.