जर्नलची मागची पानं

कावेरी गेली. तिला भर वर्गात एकटं पाडणारा मी जिवंत आहे.

सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. दोन वर्षं आजारीच होती म्हणे. मला कशाचाच पत्ता नव्हता.

दुपारपर्यंत हात जोडलेल्या इमोजींचा ढीग पडला. तेव्हा ज्यांनी दात काढले होते, त्यांचेही त्यात होते.

कावेरी हे तिचं खरं नाव नाही. आमच्या कथेतल्या पोरीचं आहे. घरच्यांना तकलीफ नको म्हणून खरं नाव लिहीत नाही, असं सांगून मी मोकळा होऊ शकतो.

पण खरं सांगू? भ्यायलोय. तेव्हासारखाच.

दहावीत होतो. शाळा पुसेगावला. ती आणि मी एकाच एसटीनं जायचो-यायचो. संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून मी तिच्यासाठी जागा धरायचो. ती येऊन बसली की मी दुसरीकडंच बघायचो. रुमाल आपला नव्हेच.

आमच्याकडं विज्ञानाचं जर्नल पोरं पोरींचं बघून उतरवायची. त्यामुळं तिचं जर्नल माझ्याकडं आलं-गेलं तरी कुणाला संशय येत नव्हता.

त्याच जर्नलच्या मागच्या पानांवर आम्ही दोघं एक कथा लिहीत होतो. शाळेतल्या एका पोराची आणि पोरीची.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी चिठोऱ्यावर लिहून द्यायचो, ती फेअर करायची आणि चिठोरा फाडून टाकायची.

भांडणं लई व्हायची. माझा हिरो वर्गात पहिला, कबड्डीचा कॅप्टन, गुंडांना बदडणारा.

"असं पोरगं आपल्या शाळेत एक तरी हाय का? दाखव बरं मला."

तिनं त्याला कॉपी करायला लावली. बापाला भ्यायला लावलं. दोस्त सोबत असले की पोरीला ओळख न दाखवणारा केला.

माझं डोकं फिरलं. "हे काहून लिहिलंस?"

"तू रोज करून राहिला म्हणून."

स्वतःलाही सोडलं नाही तिनं. तिची कावेरी मैत्रिणीचं पेन ढापायची, जळायची, धडधडीत खोटं बोलायची.

"मग असल्या पोरीला असलं पोरगं आवडतंच कसं?" मी विचारलं.

"रुमाल टाकतो ना त्यो," ती म्हणाली.

बस, एवढंच. आमच्यात याच्यापुढं काही झालं नाही. पण एवढं मोठं मला नंतर कुणी काही बोललंही नाही.

जर्नल सबमिट करायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडं होतं. तिनं बजावलं, "मागची पानं फाडून दे. इसरू नको."

"व्हय, फाडतो."

फाडली नाहीत. जीवच झाला नाही. सकाळी तिनं विचारलं तर म्हटलं, फाडली. तिनं माझ्यावर भरोसा ठेवला आणि न बघता जर्नल सरांच्या टेबलावर ठेवून आली.

सरांनी ते मागूनच उघडलं. मोठ्यानं वाचलं. पोरं बाकं बडवत होती.

"कुणाची आहे ही कथा?"

जर्नल तिचं. अक्षर तिचं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

मी खाली पडलेलं पेन उचलायला बाकाखाली वाकलो. पेन पडलंच नव्हतं.

"माझी हाय, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला बोलावलं. बोर्डाचे पेपर तेवढे देऊ दिले. डीएड करून मास्तरीण व्हायचं होतं तिला. मार्क माझ्यापेक्षा जास्त पडले. अकरावीला मी गेलो. तिचं लग्न लावून दिलं.

आणि मी काय झालो? लेखक!

शाळकरी पोरांसाठी कादंबरी लिहिली. तीच कथा, कावेरी हे नावही तेच. तिनं दिलेले सगळे दोष जसेच्या तसे उचलले. लोक म्हणाले, किती खरी माणसं, किती खरं प्रेम.

शेवट तेवढा माझा. त्यात पोरगं बाकावरून उठतं आणि म्हणतं, "सर, अर्धी कथा माझी आहे."

कार्यक्रमात वाचून दाखवताना त्या पानावर टाळ्या पडायच्या. निर्लज्जासारख्या घेतल्या मी.

मागच्या दिवाळीत तिचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. तिची पोरगी दहावीला होती, तिनं शाळेतून माझं पुस्तक घरी आणलं होतं.

"बाकी बराबर लिवलंस. पण शेवटाला ते पोरगं उठलं कसं काय?"

"कथेत चालतं गं."

"तुला चालतंय रे. माझ्या लेकराला लई आवडलं ते पोरगं. तीनदा वाचलं तिनं. उद्या तिच्यावर तशी येळ आली, तर वाट बघत बसंल ना ती, कुणीतरी उठंल म्हणून."



"नव्या आवृत्तीत शेवट बदलतो," कसंबसं म्हटलं.

"व्हय. पानं फाडतो म्हणाला व्हतास, तसंच ना?" आणि हसली. आजारी आहे, हे बोललीसुद्धा नाही.

नवी आवृत्ती निघाली. प्रकाशक म्हणाले, शेवटामुळंच तर खपतंय पुस्तक. मी पुन्हा गप्प बसलो. शेवट तोच आहे.

पोरी, कधी हे वाचलंस तर ऐक. ते पोरगं उठलं नव्हतं. ते बाकाखाली पेन शोधत होतं. तुझी आई एकटी उभी होती आणि तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. तू कुणाची वाट बघू नको.

ग्रुपवर सगळ्यांची श्रद्धांजली वाहून झाली. सरांची पण. सकाळपासून मीच काही लिहिलं नव्हतं. आत्ता लिहिलं.

"सर, अर्धी कथा माझी होती."

कावेरी, माफ कर म्हणायला तोंड नाही मला.

नीट जा.