इंटरवलला बसायचं नाही

भोकरदनच्या स्टँडवर मला दोघा माणसांनी ढकलून एसटीत चढवलं. जालन्याला भाचीच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून निघाले होते. गाडी लागली, मी दांडी धरली, उजवा पाय पायरीवर टेकला आणि डावा खालीच राहिला. काही केल्या वर येईना. धाप लागली, पाय लटलटायला लागले. "मावशी, जल्दी करा, मागं लाइन हाय," असं कंडक्टर म्हणाला आणि मागच्यांनी कमरेला हात लावून मला वर लोटलं. मी पिठाची गिरणी चालवलेली बाई आहे. ज्वारीची पोती अशीच, कमरेत हात घालून, मी स्वतः हलवलेली आहेत. त्या दिवशी मीच पोतं झाले.

आत बसल्यावर मागच्या सीटवरून एक बाई बोललीच, "असल्या म्हाताऱ्या माणसाला घरचे एकटं सोडतेत तरी कसे?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रडू आलं नाही, संताप आला. तो काढायचा कुणावर, एवढंच कळत नव्हतं. कंडक्टरनं बायकांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, तर त्याचाही मला राग आला. तिकीट अर्धं असेल बाबा, मी अर्धी नाही.

मी बारशाच्या घुगऱ्या खाऊन परत यायच्या आत बातमी पुण्याला पोचली होती. पुण्याला माझा मुलगा असतो. नोकरी चांगली, चौथ्या मजल्यावर घर, सून कामाची, दोघं मनानं चांगले. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचंच नाही. पण पोरगा फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणाला, "आई, आता बास झालं. तू इकडे ये. ते घर भाड्यानं देऊन टाकू."

ते घर म्हणजे माझं घर. पुढं ओटा, बाजूला बंद गिरणीची खोली, आणि एक कुलूप ज्याची चावी माझ्या कमरेला असते. नवरा गेल्यावर मी त्याच घरात उभी राहिले. सकाळी ओट्यावर बसलं की अर्धी गल्ली माझ्याशी बोलल्याशिवाय पुढं जात नाही. पुण्यात मी पंधरवडा राहून आले होते. तिथं दार लावलेलं असतं आणि टीव्ही बोलतो.

मी त्याला म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब."

"दिवाळीपर्यंत काय बदलणार आहे?"

"मी," म्हणाले आणि फोन ठेवला. बोलून तर बसले होते, करायचं काय ते माहीत नव्हतं.

जालन्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्तदाब, शुगर, छातीची पट्टी. मग विचारलं, "गिरणी बंद केल्यावर दिवसभर काय करता?" मी म्हणाले, "आराम." ते म्हणाले, "तोच आजार आहे तुमचा." मला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. कारण आराम काही मी मागितला नव्हता. गिरणी बंद झाली त्या दिवसापासून जो तो तेच सांगत होता. लय कष्ट केले, आता आराम करा. पाणी आणून देतो, तुम्ही बसा. दळण आणतो, तुम्ही बसा. बसून बसून मांड्यांची पार कणीक झाली, आणि मग हेच लोक विचारणार, एकट्या कशा फिरता म्हणून.

डॉक्टरांनी मला खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी पोरगी. तिनं मला खुर्चीतून उठायला लावलं, हात न टेकता. मला जमलं नाही. ती हसली नाही, म्हणून ती मला आवडली. म्हणाली, "काकू, तुम्हाला लो इम्पॅक्ट इंटरवल ट्रेनिंग करायचंय. घाबरू नका. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, एक पाय कायम जमिनीवर. थोडं अंतर जोरात चालायचं, बोलताना दम लागेल इतकं. मग इंटरवल. मग परत जोरात. शिवाय खुर्चीत ऊठबस करायची आणि ओट्याच्या पायरीवर चढउतार."

इंटरवल मला बराबर कळलं. आमच्या वेळी जत्रेत तंबूतलं टॉकीज यायचं. इंटरवल झालं की बत्त्या लागायच्या, माणसं पाय मोकळे सोडून बसायची, आणि फुटाण्याच्या पुड्या फिरायच्या. मी मनात म्हटलं, डॉक्टरांपेक्षा ही पोरगी शहाणी आहे.

एकटीनं चालायची लाज वाटली म्हणून शेजारच्या आपाला बरोबर घेतलं. आपा माझ्याच वयाची. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, आणि ती तिच्या बाजूनं उर्दू ऐकते, माझ्या बाजूनं मराठी. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. "भाभी, पळायचं असेल तर मी न्हाई," म्हणाली. मी म्हणाले, "पळायचं बिलकुल न्हाई. एक पाय कायम जमिनीवर." आपा म्हणाली, "दूसरा तो वैसेबी कबर में है, चल."

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागून जो रस्ता जातो, त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत. आम्ही ठरवलं, एक खांब जोरात, मग इंटरवल. पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. आमच्या गावात म्हातारी बाई जोरात चालली म्हणजे कुणीतरी गेलं, असाच अर्थ होतो. मोंढ्यातला हमाल डोक्यावरचं पोतं उतरवून पुढं आला. "काय झालं वं काकू? कोण गेलं?" पुढं दूधवाल्यानं गाडी थांबवली. "कोणाच्या घरी चालल्या? मी येऊ का?" एका बाईनं तर आमच्याकडं बघून डोक्यावर पदर घेतला आणि चपला घालायला लागली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून सांगितलं, "कुणी मेलं न्हाई. आमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून चालून राह्यलो." ती बाई तरीबी कोपऱ्यापर्यंत आमच्या मागं आली. तिला खात्री करायची होती.

मग हसणं सुरू झालं. साठी बुद्धी नाठी, असं माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्यानं लोक बोलले. मी ऐकून घेतलं आणि चालत राहिले. खांब आला की इंटरवल. रस्त्याला जिथं नाल्यावरचा छोटा पूल आहे तिथं कठड्यावर आम्ही ऐसपैस बसायचो, आपा ओढणीच्या गाठीतून फुटाणे काढायची, आणि चांगल्या गप्पा व्हायच्या. फुटाणे संपले की दुसरा खांब. असं आम्ही बरेच दिवस मन लावून केलं. फरक काही पडेना. आपा म्हणाली, "भाभी, इस ट्रेनिंग से गूळ का खर्चा बढ़ गया," कारण मधे एकदा आम्ही फुटाण्यांबरोबर गूळही सुरू केला होता.

पुढच्या तपासणीला मॅडमनं विचारलं, "इंटरवल बरोबर घेता ना?" मी छाती काढून सांगितलं, "एकबी चुकवलं न्हाई. बसून फुटाणे खातो." ती पोरगी हसता हसता तिच्याच स्टुलावर बसली. डोळे पुसून म्हणाली, "काकू, इंटरवलला बसायचं नाही. चालतच राहायचं, फक्त हळू. दम खाली बसला की परत जोरात. शरीराला तेच शिकवायचंय. हळू व्हायचं, पण थांबायचं नाही."

येताना, लोकांनी हात देऊन चढवलेल्या एसटीत, मी ते वाक्य मनात घोळवत होते. मला आजवर थांबा म्हणणारे पुष्कळ भेटले होते. हळू हो, पण थांबू नको, असं कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या वयाच्या बाईला हे कुणी सांगतच नाही. एक तर नातवंडांमागं पळ, नाही तर कोपऱ्यात बस.

फुटाणे बंद झाले. आपा दोन दिवस नाराज होती. आता एक खांब जोरात, दोन खांब हळू, परत एक जोरात. घरी आल्यावर खुर्चीत ऊठबस. आणि ओट्याची पायरी, उजवा पाय वर, डावा वर, खाली, पुन्हा. पायरी चढताना मी दर वेळी त्या एसटीतल्या बाईचं तोंड आठवायचे. त्यानं पाय लवकर उचलायचा. हळूहळू बदल कळायला लागला. आधी झोप लागायला लागली. मग न्हाणीतून बादली उचलून आणताना मधे टेकवावी लागेना. मग एकदा हात न टेकता खुर्चीतून उठले आणि मलाच विश्वास बसेना, म्हणून परत बसले आणि परत उठले. शुगर खाली आली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. बाकीच्या चालूच आहेत. गुडघे थंडीत दुखतातच. मी काही सोळा वर्षांची झाले नाही, आणि मला व्हायचंही नव्हतं. मला फक्त माझ्या पायावर माझ्या दारातून बाहेर जायचं होतं आणि परत यायचं होतं.

पण रागानं घात केला. एका सकाळी आमचं एक जुनं गिऱ्हाईक मोटरसायकलवरून जाता जाता हळू झालं. पेन्शनीतला माणूस, आपण सगळ्या गावाचे थोरले भाऊ आहोत असं त्याला वाटतं. म्हणाला, "काकू, या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून हे काय चालवलंय?" आणि गेला पुढं. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मागं खांबामागून खांब जोरात चालत सुटले. आपा मागून ओरडत होती, "भाभी, इंटरवल!" मी इंटरवल घेतलंच नाही. गोळी घेतलेली, पोटात काही नाही, डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले नाही, रस्त्याच्या कडेला बसले. पण मोंढ्यात बातमी उठली की गिरणीवाल्या काकू पडल्या, आणि पुण्याला पोचेपर्यंत त्या बेशुद्ध झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पोरगा गाडी घेऊन दारात हजर. चेहरा उतरलेला. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. मी चहाला आधण ठेवलं. पण तो बोलायला लागला तसा मी गॅस बंद केला. भाडेकरू बघून ठेवला होता. बँकेतला माणूस, बायको आणि एक पोर. एक तारखेला येणार. म्हणाला, "आई, चावी दे. कपडे भर. मी तुला न्यायलाच आलोय."

"दिवाळी व्हायचीय अजून."

"तू रस्त्यात पडलीस."

"बसले. पडले न्हाई."

"काय फरक आहे?"

मी म्हणाले, "लय फरक आहे. तुला मी थांबलेली दिसून राह्यले. मी नुसती हळू झालते." तो माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी गिरणीचा पट्टा तुटला की असाच बघायचा, आता काय होणार म्हणून. माझा आवाज खाली आला. "उद्या माझी जालन्याला तपासणी आहे. एसटीनं जाणार, एकटी, कुणाचा हात न घेता. तू स्टँडवर ये. चढता आलं न्हाई, तर तिथंच चावी तुझ्या हातात देते आणि तुझ्या गाडीत बसते. एक शब्द बोलणार न्हाई."

"दारात गाडी उभी आहे, मी सोडतो ना."

"ती तुझी गाडी हाय."

सकाळी स्टँडवर तो माझ्या मागं पिशवी धरून उभा होता. आपाही आली होती. ती टपरीपाशी थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. गाडी लागली. माणसं धावली, जागेसाठी खिडकीतून रुमाल टाकले गेले. मी घाई केली नाही. गर्दी चढू दिली. मग दांडी धरली आणि उजवा पाय वर ठेवला. ओट्यापेक्षा ही पायरी उंचच. डावा पाय खाली जड वाटला. तेवढ्यात मागून माझ्या कमरेला हात लागला. तो कुणाचा हात आहे हे मला न बघता कळलं. तो लहान असताना याच हाताला धरून मी त्याला याच स्टँडवर गाडीत चढवायचे.

"हात काढ," मी म्हणाले.

काढला नाही.

"बाळा, हात काढ."

मग काढला. मी एक श्वास घेतला, आणि डावा पाय उचलला. आला. दुसरी पायरी, तिसरी, आत. धाप लागली होती. मी तशीच हळूहळू चालत मागपर्यंत गेले आणि खिडकीची जागा मिळाल्यावरच टेकले.

तो खिडकीखाली आला. डोळे भरलेले. पिशवी वर दिली. टपरीपाशी आपा डोळ्यांना ओढणी लावून उभी होती. कंडक्टरनं बेल मारली. मी कमरेची चावी सोडली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली.

तो गोंधळला. "चावी कशाला? तू तर चढलीस."

"संध्याकाळच्या गाडीनं येते. तवर तू कुठं बसशील? घरी जा, कुलूप उघड. टोपल्यात भाकरी आहे, पिठलं तेवढं गरम करून घे. आणि चावी हरवू नको. मला एकच आहे."