सुकरीबाईने शोधून आणलेलं नाव

कोसमटोल्याच्या सुकरीबाईला मी पहिल्यांदा भेटलो ते पन्नास साली, आणि त्याच दिवशी मी तिचं नुकसान करून ठेवलं. ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

मी लटारू गुरुजी. कठाणी नदीच्या अलीकडे आमचं धानाचं गाव, तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी शिकवायचो. नदी ओलांडली की जंगल, आणि जंगलात आठ मैलांवर कोसमटोला, चाळीसेक घरांची गोंडांची वस्ती. देशातली पहिली निवडणूक यायची होती. मतदारयादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दारोदार फिरलो. पुरुष पुढे येत, बायका आत जात. कागदावर नाव गेलं की फुकट राबायची बेगार मागे लागते, एवढीच त्यांची कागदाशी ओळख होती. मग पुरुषांनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो. इतवारीची बायको. झिंगूची माय. चैतूची सून. सुकरीबाई म्हणजे इतवारीची बायको, गावची सुईण. दिवस मावळायच्या आत सगळी घरं झाली म्हणून मी खूष होतो.

पुढे वरून हुकूम आला, ज्या बाईचं स्वतःचं नाव नाही तिची नोंद काढून टाका. तेव्हा मी पुन्हा आठ मैल चाललो असतो तर काम झालं असतं. मी चाललो नाही. कोसमटोल्याची एकूण एक बाई यादीतून गेली.

बावन्नच्या जानेवारीत माझ्याच शाळेत मतदान होतं. सुकरीबाई अकरा जणींना घेऊन आली. धुतलेली लुगडी, गळ्यात मण्यांच्या माळा, अंबाड्यात लाकडी फण्या. टेबलामागच्या साहेबांनी नाव विचारलं.

"सुकरी."

साहेबांनी यादी दोनदा चाळली. "या नावाचं कोणी नाही."

मी दाराशी रांग सांभाळत होतो. ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी तं लिवलं होतं मले. मंग मी कुठी गेली?"

मी खरं ते सांगितलं. तिने थोडा विचार केला. "मंग आमची बी चूक हाय, तुमची बी हाय," असं म्हणून ती बाहेर गेली आणि बायकांना गोंडीत काहीतरी बोलली. त्या जोरजोरात हसायला लागल्या. काय सांगितलंत म्हणून मी विचारलं.

"म्या म्हनलं, आपले नवरे आपल्या वाटचा बी वोट टाकून राह्यले. आज त्याईनंच घरी सैपाक करावा."

मला मात्र हसू आलं नाही. छप्पन्न साली नवी यादी करायची ठरली, तेव्हा कोसमटोला मी मागून घेतला.

आठवडी बाजारात निरोप दिला होता. मी पोचलो तर सुकरीबाईच्या अंगणात खाट टाकलेली, आणि चाळीस घरच्या बायका जमलेल्या. काही जणी अजूनही धास्तीने कुजबुजत होत्या. सुकरीबाई त्यांना म्हणाली, "बेगारीचा कागद येगळा, हा येगळा. ह्या कागदात नाव नाई, तं आपन गावात हाओच नाई."

पहिलं नाव तिने स्वतःचं सांगितलं. मग मी नवऱ्याचं विचारलं. मला ते ठाऊक होतं, पण आता जिची नोंद तिनेच सांगायची असं मी ठरवलं होतं. इतक्या धीराची बाई, पण पदराचं टोक चघळायला लागली.

"गुरुजी, शनवारच्या दुसऱ्या दिवशी काय येते?"

"रविवार."

"तो तुमच्या शाळेत. आमच्या इथी?"

"इतवार."

"हं. थेच लिवा."

अंगणभर हसू पसरलं आणि त्यानंतर काम भराभर चाललं. वय कुणालाच सांगता येत नव्हतं. ते सुकरीबाई सांगायची. ही मोठ्या पुराच्या सालची, ही देवीच्या साथीनंतरची. तेव्हा मताला एकवीस पुरी लागत. बुधरी नावाच्या पोरीने ठसक्यात सांगितलं, "मी एकवीसची."

"तुही नाळ म्या कापली," सुकरीबाई म्हणाली. "वाघानं गायता पुजाऱ्याचा बैल नेला त्या साली. दोन वर्सं बाकी हायेत. लिवू नका, गुरुजी."

बुधरी फुरंगटून बसली, पण वाद घातला नाही.

अडलं ते झिंगूच्या मायजवळ. सत्तरीची म्हातारी. लग्न होऊन आली तेव्हा अमक्याची बायको, मग झिंगूची माय. तिला नावाने हाक मारणारी सासरची पिढी कधीच संपलेली. ती नुसती हसत होती. "व्हतं काहीतरी," म्हणाली. "आता नाई येत ध्यानात."

मी म्हटलं, "मीच एखादं लिहितो. पार्वती लिहू?"

सुकरीबाईने माझा हात धरला. "तुमी काऊन ठेवता? तिले नाव हाय. हरपलं हाय निस्तं."

मी ती जागा रिकामी ठेवली. यादी द्यायला आठ दिवस होते.

सहाव्या दिवशी मी पाढे घेत होतो, तर सुकरीबाई शाळेच्या दारात उभी. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. "लिवा, गुरुजी. कोसी." दोन डोंगरांपलीकडे म्हातारीचं माहेर होतं, तिथे ती चालत गेली होती. म्हातारीचा धाकटा भाऊ अजून होता, डोळ्यांनी अधू. झिंगूच्या मायचं नाव काय म्हणून विचारलं, तर त्यानेच उलट विचारलं, "कोसी जित्ती हाय?" आणि सुकरीबाईला दोन दिवस ठेवून घेतलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम कोसमटोल्याला गेलो. म्हातारी सुपातले खडे वेचत होती. मी येईपर्यंत सुकरीबाईने तिला काही सांगितलं नव्हतं. आता तिने मागून हाक मारली, "कोसी!"

म्हातारीचा हात थांबला. "ओ," तिने साद दिली, लहान मुलगी देते तशी. मग तोंडावर हात धरून कितीतरी वेळ हसली, आणि आधी भावाची खुशाली विचारली.

सत्तावन्नच्या मतदानाला कोसमटोल्याच्या यादीतल्या सगळ्या बायका आल्या. कोसी झिंगूच्या खांद्याचा आधार घेत नदी उतरली. साहेबांनी यादीतलं नाव वाचलं, बोटाला शाई लावली, कागद दिला. तिने तो पडद्यामागे जाऊन पेटीत टाकला आणि परत टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"झालं, आजी. आता जा," साहेब म्हणाले.

"नाव पुन्हा एक डाव घ्या."

साहेब भले होते. त्यांनी यादी उघडली आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.

निकाल लागल्यावर सुकरीबाई बाजारात भेटली. कोण निवडून आलं ते मी सांगितलं. ती हसली. "मंग आमचा पडला." मग टोपलीतली चारोळी नीट करत तिने विचारलं, "पन आमचे कागद मोजले ना सारे?"

"मोजले."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं तसं माप हातात घेतलं.