गुंडाची हाक

कादंबरी लिहायला बसलेलं कुणीतरी अधूनमधून येतं आणि विचारतं, "मास्तर, पात्रांसाठी नवी भाषा कशी बनवायची?" बनवायची कसली डोंबलाची! मी कशी चोरली, तेवढं सांगतो.

गुंडा धनगर माणदेशातला. दिवाळी झाली की कोरेगावात आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचा. त्यांच्या लेंड्यांच्या खतावर आमचा ऊस पोसायचा. अंगानं काटकुळा, बोलायला कंजूष. पण मेंढरांना हाक घालायला लागला की ऐकत राहावं. ती हाक त्याच्या बापाची. कोकरू जन्मलं की पहिल्या दिवसापासून तीच त्याच्या कानावर घालायची. दोन कळप एकमेकांत मिसळले तरी गुंडानं हाक दिली की त्याची मेंढरं तेवढी बाजूला निघायची. ती हाक इथं लिहीत नाही. एकदा लिहिली तेवढं पुरे झालं.

शहात्तर साली मी एका काल्पनिक डोंगरी टोळीवर कादंबरी लिहीत होतो. टोळीला भाषा हवी होती. महिनाभर शब्द जुळवले, सगळे पुचाट. शेवटी बांधावर बसून गुंडाची हाक उतरवून घेतली.

"काय लिवताय?" त्यानं विचारलं.

"नवी भाषा करतोय."

"करा की," म्हणाला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

पुस्तक निघालं. वाचनालयात मी ती हाक हातवारे करून म्हणून दाखवली, टाळ्या घेतल्या. गावाला चाळाच लागला. हॉटेलात चहा मागवायचा तरी तीच हाक!

पुढच्या वर्षी बाजारादिवशी गुंडा कळप घेऊन सडकेनं येत होता. हॉटेलातून कुणीतरी हाक घातली. मेंढरं वळली. समोरच्या दुकानातून दुसऱ्यानं घातली. लोक हसतायत, मेंढरं सैरावैरा धावतायत आणि गुंडा मधोमध उभा राहून जीव तोडून ओरडतोय. एक गाभण मेंढी ट्रकखाली गेली. मी हॉटेलातच होतो. बाहेर आलो नाही. सांगायला लाज वाटते, पण मान खाली घालून मी चहा संपवला.

त्यानंतर मेंढरं गुंडाच्या हाकेला वळेनात. आठ दिवसांनी धीर करून मी रानात गेलो. गुंडा आणि त्याची बायको बनुबाई पत्र्याचा डबा बडवत मेंढरं गोळा करत होती.

"गुंडा, चुकलं माझं," मी म्हणालो. "उरलेली सगळी पुस्तकं जाळून टाकतो."

"जाळून काय हुतंय?" बनुबाई फणकारली. "मेंढरं काय पुस्तक वाचत्यात व्हय?"

गुंडानं डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आवं मास्तर, तवाच मला सांगायचं हुतं की," तो म्हणाला. "तुमच्या मानसांसाठी एक नवी हाक करून दिली असती. आता माज्यासाठी करायचीच हाय न्हवं?"