चुंबळीखालची गाठ

आईच्या टाळूवरची गाठ सगळ्यांना माहीत होती. भीती कुणालाच वाटली नाही, कारण आमच्या कोळीवाड्यात डोक्यावर मासळीची पाटी वाहणाऱ्या प्रत्येक बाईच्या टाळूला घट्टा असतो. आईने पाटीखालची कापडी चुंबळच अशी वळली, की गाठ बरोब्बर मधल्या भोकात बसावी. बाजार चालू राहिला.

चुंबळीला रक्त लागायला लागलं, तेव्हा बोईसरच्या एका डॉक्टरने गाठ कापली आणि सरळ बादलीत टाकली.

"तपासायला नाही पाठवणार?" मी विचारलं.

"घट्टा आहे हो. त्याची काय तपासणी?"

पाटीवालीचं डोकं बघितलं, की निदान तयार! हाच गोळा एखाद्या साहेबाच्या टाळूवर असता तर बादलीत गेला असता?

पावसाळा सरला आणि त्याच जागी गाठ पुन्हा उगवली, लाल, ओलसर. पालघरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला. घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. क्वचित होणारा.

"घामाचा पन कॅन्सर?" आई म्हणाली. "मंग आमी कोळणी उरलो कशा?"

मी तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध पत्रकं लिहिते. मथळा लगेच सुचला आणि बोलूनही दाखवला: ‘कारखान्यांनी दिला कॅन्सर’. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कशाने झाला, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. छापू नका. आधी मान बघू." हा आजार कानामागच्या आणि मानेतल्या लसीकाग्रंथींत उतरू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मथळा मी सोडून दिला.

मुंबईत टाळूची कातडी रुंद कापून तिथे मांडीची लावली. कापलेल्या कडांत कॅन्सर उरलाय का, याचा रिपोर्ट यायचा होता. आईचं एकच, "पाटी कंदी उचलू?"

"आधी रिपोर्ट."

"तुजा रिपोर्ट बाजार करनार हाय?"

कडा स्वच्छ आल्या. मानेतही काही नव्हतं. मात्र मान तपासत राहायची, आणि डोक्यावर वजन कायमचं बंद. पाटी रिक्षातून जायला लागली. "आली बघा शेठाणी!" बायका ओरडायच्या.

मी पत्रक काढलं: कापलेली गाठ टाकू देऊ नका, तपासायला पाठवेपर्यंत अडून बसा. तेव्हापासून बाजारात बायका माझ्यापुढे डोकी वाकवतात. "बघ गं बाय, घट्टाच हाय ना?" मला काय कळतंय? पालघरला जा म्हणते.

आज सकाळी आईचे उरलेले केस बांधताना कानामागे बोटाला काहीतरी टणक लागलं. तिने माझा हात झटकला.

"डास चावला असंल. चल, बाजार निघून जाईल."

मी पाटी शेजारणीकडे दिली आणि रिक्षा पालघरकडे वळवायला सांगितली.